‘आधी खाऊन घ्या’ म्हणणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

स. न. वि. वि.

वयाने तुम्ही माझ्या मोठ्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठ्या असाल. पण किमोच्या हॉलमध्ये आम्ही सगळ्याच तुम्हाला ताई म्हणायचो, म्हणून पत्रातही ताईच. नाव लिहू नका असं तुम्ही बजावलंत. तेव्हा तुमचं नाव लिहीत नाही आणि दवाखान्याचंही नाही. तरी हे पत्र सगळ्यांनी वाचावं असं लिहितेय. कॅन्सरच्या इलाजासाठी नागपुरात वर्ध्याहून, यवतमाळहून, भंडारा-गोंदियाहून, तिकडे बालाघाट-छिंदवाड्याहून बाया येतात. पहाटेची गाडी पकडतात, दिवसभर नंबर लावून बसतात आणि संध्याकाळी परततात. कॉरिडॉरच्या टोकाला तुमची लहानशी खोली आहे, तिथे तुम्ही पेशंटच्या मनाचं ऐकायला बसता. तिथपर्यंत त्यातल्या फार थोड्या पोचतात. मीही पोचले नव्हते. तुम्हीच माझ्या खुर्चीपाशी आलात.

मी इतवारीत ब्लाऊज शिवते. सव्वीस वर्षं बायांची मापं घेतेय. कोणाचा खांदा उतरता आहे, कोणाची एक बाजू दुसरीपेक्षा भरलेली आहे, कोणाला पाठ झाकलेली हवी, हे मला टेप लावायच्या आधी दिसतं. आणि स्वतःची गाठ सात महिने कळलीच नाही, असं मी सगळ्यांना सांगत होते. ते खरं नव्हतं, हे तुम्हाला एकटीला माहीत आहे. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला उटणं लावताना ती हाताला लागली होती. डाव्या बाजूला, काखेकडे, चिंचोक्याएवढी. दुखत नव्हती. स्तनातल्या कॅन्सरच्या गाठी सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाहीत, हे तेव्हा मला कोण सांगणार? न दुखणाऱ्या गोष्टीसाठी दवाखान्यात जायची आमच्या घरात रीतच नव्हती. मग तुळशीचं लग्न झालं, लग्नसराई लागली, ब्लाऊजच्या थप्प्या लागल्या. मग धाकटीची बारावी. मग उन्हाळा, पंचेचाळीस डिग्रीत कोण बाहेर पडतं! मृग लागल्यावर गेले.

जिथे पहिल्यांदा दाखवलं, तिथल्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून एकच विचारलं, “इतके दिवस काय करत होत्या?” त्यांना मी काहीच बोलले नाही. पण त्या प्रश्नाचं उत्तर मी स्वतःला रोज देत राहिले. ऑपरेशन झालं, डावा स्तन काढला, काखेतल्या गाठी काढल्या, ऑगस्टमध्ये किमो सुरू झाली, आणि या सगळ्यात डोक्यात एकच वाक्य मशीनसारखं चालू होतं. तुझ्याच हाताने केलंस, आता भोग.

दुसऱ्या किमोच्या दिवशी तुम्ही आलात. माझं ते लाल औषध चालू होतं. तुम्ही एक कागद पुढे केला. त्यावर ताप मोजायच्या थर्मामीटरचं चित्र होतं, खाली शून्य आणि वर दहा. गेल्या आठवड्यात मनाला किती त्रास झाला त्या आकड्यावर गोल करा, म्हणालात. मी दोनवर गोल केला. चार किंवा त्याहून वर गेलं तर त्या माणसाशी कोणीतरी बसून बोलायला हवं, असा त्या कागदाचा हिशोब असतो, हे मला नंतर कळलं. तुम्ही माझ्या दोनकडे पाहिलं आणि मग माझ्या हातांकडे पाहिलं. नखांच्या कडेला कणीक वाळलेली होती.

“सकाळी काय खाल्लं?”

मी सांगितलं, चारला उठले, दोन डबे केले, वरण-भात झाकून ठेवला, चहा घेतला आणि निघाले.

“म्हणजे तुम्ही काहीच खाल्लं नाही.”

मी गप्प बसले. तुम्ही कॅन्टीनमधून पोहे आणवलेत, तर्रीशिवाय, वर फक्त सांभार, म्हणजे कोथिंबीर. “आधी खाऊन घ्या, मग बोलू.” आणि मी खात होते तोवर खरंच एक शब्द बोलला नाहीत. शेजारी बसून राहिलात. ताई, लग्नानंतर माझं खाणं होईपर्यंत माझ्याजवळ बसून राहिलेलं दुसरं कोणी मला आठवत नाही. माझं ताट नेहमी शेवटी वाढलं जातं, तेही ओट्यापाशी उभ्याने. त्या पोह्यांच्या अर्ध्यात मला रडू फुटलं. पलीकडच्या खुर्चीवर भंडाऱ्याकडची एक म्हातारी होती, तिने सलाईनचा हात सावरत मान वळवली आणि म्हणाली, “रड न माय. काहून आवरून राहिली?”

पण रडायची मला भीती वाटायची. घरी येणारा प्रत्येक जण सांगून जायचा, पॉझिटिव्ह राहा, मन खंबीर ठेव, अर्धा आजार मनानेच बरा होतो. त्यांची माया होती, मला ठाऊक आहे. पण त्याचा उलटा अर्थ माझ्या मनाने काढला होता, की मी रडले तर आजार वाढणार आणि तेही माझ्याच चुकीने. तुम्ही पुढच्या वेळी मला एका अभ्यासाबद्दल सांगितलंत. २००७ साली प्रसिद्ध झालेला, डोकं आणि मानेच्या कॅन्सरच्या १,०९३ रुग्णांचा. त्यात मन आनंदी असणाऱ्यांचं आणि नसणाऱ्यांचं आयुष्य मोजलं, तर मनाच्या स्थितीने जगण्या-वाचण्यात फरक पडलेला दिसला नाही. “म्हणजे तुम्ही रडलात म्हणून काही बिघडत नाही. हसलात तर दिवस बरा जाईल, त्यासाठी हसा. जीव वाचवायचं काम औषधांवर सोडा.” माझ्या डोक्यावरून केवढं ओझं उतरलं म्हणून सांगू! आजाराशी लढायचं आणि वर हसऱ्या चेहऱ्याने लढायचं, ही दुसरी ड्युटी तुम्ही काढून घेतलीत.

मग ती खुर्चीची गोष्ट. तुमच्या खोलीत एक रिकामी प्लास्टिकची खुर्ची होती. तुम्ही विचारलंत, तुम्हाला धाकटी बहीण आहे का? आहे, उमरेडला असते. मग समजा हा आजार तिला झालाय आणि ती इथे बसली आहे. तुम्ही रोज स्वतःला जे वाक्य म्हणता, ते तिला म्हणून दाखवा.

मी तोंड उघडलं. “तुझ्याच…” एवढंच आलं. पुढचं माझ्याने बोलवेना. रिकाम्या खुर्चीला बोलवेना, ताई. मी म्हणाले, “आपल्या बहिणीला असं कोण बोलतं जी?”

तुम्ही लगेच काही म्हणाला नाहीत. मग विचारलंत, “तिला काय म्हणाल?”

तिला मी म्हणाले असते, तुला काय माहीत होतं बाई, घर ओढत होतीस, लेकीची परीक्षा होती, आता आलीस ना, चल, मी आहे सोबत. हे सगळं मी भडभडा बोलून गेले. तुम्ही कागदावर माझेच शब्द उतरवून घेतलेत आणि माझ्या हातात दिलेत. “रोज रात्री एकदा वाचायचं. पटलं नाही तरी वाचायचं.” तो कागद अजून माझ्या मशीनच्या खणात बॉबिनच्या डबीखाली आहे.

त्याच दिवशी तुम्ही शिकवलंत, मन फार कासावीस झालं की स्वतःच्या अंगावर हात ठेवून श्वास घ्यायचा. हात बहुतेक ठिकाणी छातीवर ठेवायला सांगतात म्हणे. तुम्ही मला गालावर ठेवायला सांगितलात. जखम ताजी होती, तिकडे हात नेण्याची माझी तयारी नव्हती, आणि हे तुम्ही मी सांगायच्या आधीच ओळखलंत. धाकटीने पुढे शोधून सांगितलं की याला एक शास्त्रच आहे. टेक्सास विद्यापीठातल्या क्रिस्टिन नेफ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००३ मध्ये ते मांडलं. स्वतःशी मायेने वागायचं, हे दुःख आपल्या एकटीच्याच वाट्याला आलेलं नाही हे ओळखायचं, आणि जे दुखतंय ते दाबायचंही नाही, फुगवायचंही नाही. अशी तीन अंगं. मला तीन अंगं वगैरे लक्षात राहिली नसती. मला पोहे, खुर्ची आणि गाल लक्षात राहिलं.

त्यातलं दुसरं, ‘एकटीच्याच वाट्याला नाही’ ते, मला तुमच्या खोलीत नव्हे तर आमच्या गल्लीत उमजलं. पोळ्याचा पाडवा होता. किमोला आठ-नऊ दिवस झालेले, पांढऱ्या पेशी खाली, गर्दीत जायला सक्त मनाई. तोवर केसही गेले होते. मी डोक्याला सुती ओढणी गुंडाळून, मास्क लावून वरच्या मजल्याच्या खिडकीत बसले. खालून मारबत, म्हणजे आमची पुतळ्यांची मिरवणूक, निघाली. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ निघतेय ती, मी सून म्हणून आले तेव्हापासून दर वर्षी पाहतेय. पिवळी, काळी, मागे बडगे, आणि सगळी इतवारी एका आवाजात ओरडते, “इडा पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!” त्या दिवशी मी पहिल्यांदा त्या आवाजाकडे कान दिले. एवढी हजारो माणसं, धडधाकट दिसणारी, आणि प्रत्येक घरात न्यायला सांगण्यासारखं काहीतरी आहेच. माझ्या घरातही आहे. मी खिडकीतून हळूच म्हणाले, माझंही घेऊन जा. आजार तिने नेला नाही, पण मला वेगळं पाडणारी जी लाज होती, ती त्या दिवशी कमी झाली, हे खरं.

ऑक्टोबरपर्यंत चार लाल किमो संपल्या. तोंड आलेलं असायचं. आंबिया बहाराची संत्री बाजारात आली आणि मला एक फोड लावता येईना, आग व्हायची. तुम्ही आणि सिस्टरांनी सांगितलं तसं मीठ-सोड्याच्या कोमट पाण्याने दिवसातून चार-पाच वेळा चुळा भरल्या, मऊ ब्रश वापरला, दही-भातावर दिवस काढले. एका रात्री ताप १००.८ आला. पूर्वीची मी असते तर सकाळपर्यंत अंगावर काढला असता, घरच्यांची झोप कशाला मोडायची म्हणून. पण किमो चालू असताना १००.४ किंवा त्याच्या वर ताप म्हणजे त्याच घटकेला दवाखाना, हे तुम्ही माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं होतं. मी ह्यांना उठवलं. रात्री दोनला स्कूटरवर निघालो. पाच दिवस भरती राहिले, अँटिबायोटिक चाललं, घरी आले.

नंतर दर आठवड्याचं औषध सुरू झालं, बारा वेळांचं. आणि आता जे लिहितेय ते लिहिताना अजूनही हात थांबतो. सहाव्या-सातव्या आठवड्यात माझ्या बोटांची टोकं बधिर व्हायला लागली. आधी मुंग्या, मग जाडसर वाटायला लागलं, जणू बोटांवर कापड गुंडाळलंय. एक दिवस काज करायला बसले. सुई हातात आहे की नाही ते मला डोळ्यांनी पाहावं लागत होतं. हूक बोटात धरला, तो पडला, मला कळलं नाही. सव्वीस वर्षं मी अंधारात लाईट गेले तरी तुरपाई करत आलेय, टाका बोटालाच कळतो. त्या दिवशी स्तन गेल्यापेक्षा जास्त रडले.

आणि तरी मी डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. एवढे मोठे डॉक्टर, एवढी रांग, त्यात बोटांचं काय सांगायचं? थोडं सहन करायला हवं. तुम्ही त्या दिवशी जरा आवाज चढवलात, एकदाच. “सहन करणं म्हणजे औषध नाही हो. तुम्ही सांगितलंत तर त्यांना डोस बघता येईल. न सांगता बोटं गेली तर कोणाचा फायदा?” आणि माझ्यासोबत ओपीडीच्या दारापर्यंत आलात. डॉक्टरांनी ऐकलं, तपासलं, डोस कमी केला. मला कोणी रागावलं नाही. उलट ‘आधी सांगायचं होतं’ हेही त्यांनी हसून म्हटलं. आमच्या घरी चांगल्या बाईची व्याख्याच अशी की तिचं दुखलं तरी कोणाला कळू नये. ताई, पन्नाशीत मला कोणीतरी सांगावं लागलं की आपलं दुखणं सांगणं हाही इलाजाचाच भाग आहे. बोटं आता बरीच परत आली आहेत. टोकांना अजून थोडं जाड वाटतं, सुईत दोरा धाकटी ओवून देते.

‘काही लागलं तर सांग’ म्हणणाऱ्यांचंही तुम्हीच सोडवलंत. अशांना नेमकं काम द्या, म्हणालात. शेजारच्या काकूंना मी धीर करून म्हणाले, किमोच्या दिवशी भाजी पाठवाल का? त्यांचा चेहरा असा उजळला की मीच चकित झाले. त्या महिनोन्‌महिने वाट पाहत होत्या काहीतरी करायची. ह्यांनी खिचडी शिकून घेतली. जाऊबाई फॉल-पिकोचं काम सांभाळायला आल्या. आम्ही शिवणाऱ्या बाया ब्लाऊजच्या आत दोन्ही बाजूंना मार्जिन सोडतो, उद्या अंग भरलं तर उसवून सैल करता यावं म्हणून. दिवसाला असं मार्जिन मी कधी सोडलंच नव्हतं. आता दुपारी एक ते तीन मशीन बंद असते आणि गिऱ्हाइकांना तसं सांगितलंय.

फेब्रुवारीत शेक, म्हणजे रेडिएशन, झाले, पंधरा. त्याआधी मी स्वतःसाठी मलमलीचे दोन ब्लाऊज शिवले, पुढून उघडे, सैल, डाव्या बाजूला एकही शिवण येणार नाही असे कापले. कातडी लाल झाली होती, त्यावर शिवण घासली असती. ते पाहून शेकाच्या रांगेतल्या तीन बायांनी मापं दिली. मार्चमध्ये मृग बहाराचं पहिलं संत्रं खाल्लं, अख्खं.

आरसा राहिला होता. माझ्या दुकानात पडद्यामागे अंगाएवढा आरसा आहे. त्यावर मी ऑपरेशननंतर चादर टाकली होती आणि गिऱ्हाईक आलं की तेवढ्यापुरती काढायचे. तुम्ही कधी ‘काढा’ म्हणाला नाहीत. जखम पूर्ण भरल्यावर, डॉक्टरांना विचारून, रोज पाच मिनिटं व्रणावर खोबरेल तेल हलक्या हाताने चोळा, एवढंच म्हणालात. बघायचं नसेल तर डोळे मिटून चोळा. मी पंधरा दिवस डोळे मिटून चोळलं. मग एका दुपारी त्या एक ते तीनमध्ये चादर काढली आणि पाहिलं. सरळ रेघ आहे, काखेकडे थोडी वळलेली. टाके एकसारखे आहेत. ज्यांनी घातले त्यांचा हात चांगला आहे, हे मला शिवणारी म्हणून दिसलं, आणि तेवढं दिसल्यावर बाकीचंही पाहता आलं. मग टेप घेतला आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा स्वतःचं माप नीट घेतलं.

सिलिकॉनचा कृत्रिम स्तन लावून पाहिला होता, पण आपल्या नागपूरच्या मे महिन्यात त्याखाली घामाच्या धारा लागतात. म्हणून मी सुती उशी शिवली. जुन्या धुतलेल्या मलमलीची खोळ, आत कापूस, आणि वजन यावं म्हणून मागे लहान पुरचुंडीत मोहरी. हलकी केली तर ती वर सरकते आणि खांदा एकीकडे ओढल्यासारखा दिसतो, म्हणून मोहरी. पुरचुंडी काढून खोळ धुता येते. चौथ्या प्रयत्नात माप बरोबर बसलं. शिवताना आता डाव्या तर्जनीतही अंगुस्तान घालते, कारण काखेतल्या गाठी काढलेल्या हाताला सुई टोचू द्यायची नाही, त्या हाताला सूज चढू शकते. बीपीही उजव्याच हाताला मोजायला सांगते, आणि सांगताना आता मला संकोच वाटत नाही.

वाईट रात्री अजून येतात. तपासणीची तारीख जवळ आली की आधीचे चार दिवस झोप लागत नाही. तेव्हा खणातला कागद काढते, गालावर हात ठेवते. एका रात्री तेवढ्याने भागलं नाही, तेव्हा तुम्ही लिहून दिलेल्या १४४१६ ला, टेलिमानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाईनला फोन लावला. पलीकडे मराठीत बोलणारी मुलगी होती, तिने अर्धा तास ऐकलं. हा नंबर फुकट आहे, रात्रीही चालतो. वाचणाऱ्या बायांनी लिहून ठेवावा.

ताई, तुमचे आभार मानायला मी साडी आणणार होते. पण तुम्ही पेशंटकडून काही घेत नाही, हे मला सिस्टरांनी सांगितलं. म्हणून या पत्रासोबत पिशवी पाठवतेय, ती तुमच्यासाठी नाही. तिच्यात बारा उश्या आहेत, सहा मापांच्या, प्रत्येकी दोन. डाव्या-उजव्या दोन्हीकडे चालतात. माप आतल्या बाजूला लाल दोऱ्याने टाचलंय आणि मोहरीच्या पुरचुंड्या वेगळ्या बांधल्यात. मधली मापं आधी संपतील असं वाटतं. संपली की सिस्टरांकडे निरोप ठेवा, मी दर तीन महिन्यांनी तपासणीला येतेच.

तुमची,
इतवारीतली शिवणकामवाली
नागपूर